गाणं खाली, बोलणं वर

मी एक जुना मिक्सर आहे. हसू नका मित्रांनो, स्वयंपाकघरात घरघरतो तो निराळा. त्याचा मला हेवा वाटत नाही, आणि ज्यांचा मला हेवा वाटत नाही अशांची यादी फार लहान आहे. मी आवाजाचा मिक्सर. एका वायरीतून माझ्यात गाणं येतं, दुसरीतून माणसाचं बोलणं येतं, आणि दोन्ही एकत्र करून मी स्पीकरकडे पाठवतो. गाणं किती आणि बोलणं किती हे ठरवायला माझ्या अंगावर सहा सरकती बटणं आहेत. बटण वर ढकललं की आवाज वाढतो, खाली ओढलं की कमी होतो. ऐकायला हे सोपं वाटतं. सगळ्यांनाच ते सोपं वाटतं, हेच माझं जुनं दुखणं आहे.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. चष्मा लावलेल्या एका बाईंनी माझ्या पोटातल्या तारा जोडल्या. झाकण लावण्याआधी त्यांनी माझं प्रत्येक बटण वरपासून खालपर्यंत सावकाश सरकवलं आणि कुठे खरखर होते का ते कान देऊन ऐकलं. इतक्या मनापासून मला त्यानंतर एकाच माणसाने ऐकलं. ते म्हणजे आमचे फोटोकाका.

काकांचा स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत फोटो काढायचे आणि मागच्या खोलीत स्लाइड शो तयार करायचे. कुणाचं लग्न, कुणाचा निरोप समारंभ, कुणाच्या शाळेचा वाढदिवस, असं काही असलं की लोक जुने फोटो पिशवीत भरून घेऊन यायचे. काका ते क्रमाने लावायचे, त्यांना साजेसं गाणं शोधायचे, आणि मध्येमध्ये घरच्यांपैकी कुणाचं तरी दोन शब्द बोलणं टाकायचे. हॉलमध्ये अंधार व्हायचा, पांढऱ्या पडद्यावर एकामागून एक फोटो यायचे, आणि गाणं सुरू व्हायचं.

माझा पहिला शत्रू तिथेच भेटला. तो प्रोजेक्टर. कार्यक्रम संपला की लोक त्याच्याभोवती जमायचे. "वा, काय फोटो आहेत!" "डोळ्यांत पाणी आलं हो!" अहो, पाणी फोटोंनी नाही आलं! आजोबांचं बोलणं सुरू होण्याआधी मी गाणं अलगद खाली घेतलं, म्हणून त्यांचा थरथरता आवाज तुमच्यापर्यंत पोचला. ते बोलायचे थांबले तेव्हा मी गाणं हळूहळू वर आणलं, म्हणून तुम्ही रुमाल शोधलात. पण आवाज बरोबर असला की तो कुणाच्या लक्षातच येत नाही. बिघडला की मात्र अख्खा हॉल मान वळवून माझ्याकडे बघतो. काम करावं एकाने आणि कौतुक व्हावं दुसऱ्याचं, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आणि दर वेळी माझ्या पोटात दुखलं.

काकांना मात्र माझी किंमत होती. माझ्या बटणांच्या कडेने त्यांनी पांढरी चिकटपट्टी लावली होती आणि तिच्यावर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. 'गाणं एकटं असताना' इथे, 'बोलणं चालू असताना' तिथे. त्यांची मुलगी बारा वर्षांची झाली तेव्हा तिचं बोट माझ्या बटणावर ठेवून त्यांनी तिला शिकवलं. "माणूस बोलायला लागायच्या आधी एक श्वास गाणं खाली. बोलणं संपलं की दोन श्वास थांब, मग वर. घाई केलीस तर माणसाला हाकलून दिल्यासारखं होतं." मुलीने मान डोलावली. घरात तिला बेबी म्हणायचे. ती आता तिशीची आहे, तरीही बेबीच म्हणतात.

ती माझ्या सुखाची वर्षं होती. आणि मग, मित्रांनो, माझ्या खुणा वर सरकायला लागल्या.

आधी गाण्याची खूण चारवर होती. काही वर्षांनी काकांनी ती खोडून पाचवर केली. मग सहावर. एके दिवशी एका शोची तयारी चालू असताना त्यांनी बटण सातपर्यंत ढकललं, माझ्या अंगावर चापट मारली आणि म्हणाले, "म्हातारा झाला हा. दमच राहिला नाही."

मी म्हातारा! मला वाईट वाटलंच, पण त्याहून वाईट म्हणजे मला ते पटलं. काका म्हणतात म्हणजे खरंच असणार. आपल्या पोटातल्या तारा गंजल्या असतील, आपला आवाज बसला असेल, असं मी मनाशी धरून चाललो. आपल्यात खोट आहे असं एकदा वाटायला लागलं की दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही, हे मी स्वानुभवावरून सांगतो.

आणि अशात लॅपटॉप आला. चपटा, चकचकीत, झाकण उघडलं की उजळून निघणारा. कानामागून आला आणि तिखट झाला. बेबी त्याच्यासमोर बसायची. त्याच्या पडद्यावर वर बोलण्याची एक रेघ, खाली गाण्याची एक रेघ. जिथे बोलणं येतं तिथे ती गाण्याच्या रेघेवर ठिपके टाकायची आणि रेघ खाली ओढायची, की झालं. एक श्वास खाली, दोन श्वास थांबून वर. माझीच विद्या! बापाने तिच्याकडून गिरवून घेतलेला पहिला धडा माझ्या अंगावरचा, आणि आता श्रेय त्या चपट्याला. शिवाय त्याला चूक परवडायची. माझ्यावर बोट घसरलं तर सगळं पहिल्यापासून करावं लागायचं. तो एक कळ दाबली की मागचं पुसून मोकळा.

माझी रवानगी कुठे झाली ठाऊक आहे? त्याच्या पायाखाली. मागच्या खोलीतलं टेबल जरा बुटकं होतं. वाकून बेबीची मान दुखायची, म्हणून तिने मला आडवा ठेवला आणि माझ्या पाठीवर त्याला बसवला. दिवसभर त्याची ऊब माझ्या पत्र्याला लागायची. ज्याला पाहून जळायचं त्यानेच वरून गरम करायचं, असा तो प्रकार होता. महिन्यातून एखाद्या वेळी हॉलमध्ये जुने स्पीकर असले की मला उचलून न्यायचे, कारण त्या जाड वायरी माझ्यातच बसतात. तेवढाच माझा मान.

अशी दोन-तीन वर्षं गेली. मग आक्कांच्या निरोप समारंभाचं काम आलं.

आक्का काकांची थोरली बहीण. एका मोठ्या इस्पितळात त्यांनी सगळा जन्म परिचारिका म्हणून काढला, शेवटी मुख्य परिचारिका झाल्या. आता त्या निवृत्त होणार होत्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीला दूरच्या गावी मुलाकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. इस्पितळाच्या लोकांनी काकांना सांगितलं, "स्लाइड शो तुम्हीच करा, आणि तुमचेही दोन शब्द टाका."

काकांनी फोटो दोन दिवसांत लावले. दोन शब्दांना मात्र आठवडा गेला. काका बोलघेवडे, पण आक्कांशी बोलताना त्यांची गाडी औषधपाणी आणि हवापाण्याच्या पुढे कधी जायची नाही. एका दुपारी त्यांनी बेबीला बाहेर पिटाळलं, दार लावलं आणि माइकसमोर बसले. लॅपटॉपखालून मी सगळं ऐकलं.

"आक्का," काका म्हणाले. घसा खाकरला. "आई गेल्यावर घरात मला बघायला कोणी नव्हतं. तू मला तुझ्याबरोबर कामावर न्यायचीस आणि एक्स-रेच्या अंधारखोलीत बसवून ठेवायचीस. जाताना म्हणायचीस, घाबरू नको, आलेच मी. आक्का, मी कधीच घाबरलो नाही. तिथला माणूस औषधाच्या पाण्यात फिल्म बुडवायचा आणि काळ्यावर पांढरं उमटत यायचं. मला तिथून निघावंसंच वाटायचं नाही. आज मी जो कोणी आहे तो त्या खोलीत झालो. हे तुला एकदा सांगायचं होतं. राहून गेलं."

मी जळका आहे, पण दगड नाही. तेवढा वेळ मी लॅपटॉपचा हेवा करायचंही विसरलो.

बेबीने ते बोलणं नीट बसवलं. गाणं म्हणून काकांनी व्हायोलिनची एक हळुवार धून निवडली होती. तिने बोलण्याच्या आधी ती खाली ओढली, मग उचलली. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ती हॉलवर पडदा लावायला गेली आणि काका एकटेच शेवटचं ऐकायला बसले. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"व्हायोलिन कुठे गेलं?" ते पुटपुटले. "यात जीवच नाही."

त्यांनी गाण्याची रेघ वर ओढली. ऐकलं. आणखी वर ओढली. जिथे बोलणं होतं तिथेही ओढली. आता व्हायोलिन इतकं मोठं झालं होतं की खिडकीची काच थरथरत होती आणि काकांचं बोलणं त्याच्याखाली पार गाडलं गेलं होतं. पण काका डोळे मिटून मान डोलावत होते. त्यांना स्वतःचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. का येणार नाही? शब्द त्यांना पाठ होते. ज्याला पाठ असतं त्याला ते कानाने ऐकावं लागतच नाही. गाणं-बोलणं जुळवणाऱ्याने स्वतःच्या बोलण्याला स्वतः माप लावू नये, हे काकांनीच बेबीला कितीदा सांगितलं होतं. त्या सकाळी तेच विसरले. त्यांनी दोन्हींची एकच फाइल केली आणि लॅपटॉपचं झाकण लावलं.

मला कळत होतं की हे फसणार. आणि मित्रांनो, खोटं कशाला बोलू, माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या. फसू दे! एकदा भर हॉलमध्ये या चपट्याचं नाक कापलं जाऊ दे. मग येईल सगळ्यांना माझी आठवण.

हॉलमध्ये स्पीकर जुने होते, म्हणून मीही गेलो होतो. लॅपटॉपची वायर माझ्यात आणि माझी स्पीकरमध्ये. दिवे मालवले. पहिला फोटो आला, पांढऱ्या टोपीतल्या तरुण आक्का. आणि व्हायोलिन असं काही कडाडलं की पुढच्या रांगेतल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. बेबी दचकली. तिने झटकन माझं बटण खाली ओढलं. गाणं खाली आलं, पण काकांचं बोलणं सुरू झाल्यावर तेही तितकंच खाली. तिने वर ढकललं, तर पुन्हा व्हायोलिन. माझ्याकडे दोन वेगळ्या वायरी आल्या असत्या तर मी निवडून दिलं असतं. इथे सगळं आधीच कालवून आलं होतं, आणि एकदा कालवलेलं कुणाच्याच बापाला वेगळं करता येत नाही.

लोक मागे वळले. नेहमीप्रमाणे माझ्याकडेच बघायला लागले. "मिक्सर खराब दिसतोय," कोणीतरी म्हणालं. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी आतल्या आत तडफडलो.

तेवढ्यात मला आक्का दिसल्या. पडद्यावर काकांचा लहानपणीचा फोटो होता, अर्ध्या चड्डीतला, इस्पितळाच्या पायरीवर बसलेला. त्या खुर्चीच्या टोकावर आल्या होत्या आणि कानामागे हात धरून पुढे वाकल्या होत्या. भावाचा आवाज त्यांना ओळखू येत होता, शब्द मात्र एकही लागत नव्हता. फोटो बदलला, बोलणं संपलं. आक्का पुन्हा मागे टेकल्या आणि त्यांनी हात मांडीवर ठेवला. माझ्या उकळ्या तिथेच थंडावल्या. नाक कुणाचं कापलं गेलं होतं? लॅपटॉप तर मजेत चमकत होता.

कार्यक्रमानंतर सगळे चहाकडे गेले. काका माझ्या वायरी गुंडाळत होते. आक्का त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"मधे तू काहीतरी बोललास ना रे?" त्यांनी विचारलं. "मला काहीच कळलं नाही."

काका वायर गुंडाळत राहिले.

"अरे, तुझ्याशी बोलतेय मी."

काहीच नाही. आक्कांचा चेहरा बदलला. त्या भावाच्या चेहऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. आता त्या निव्वळ बहीण राहिल्या नव्हत्या, सगळा जन्म आजारी माणसं पाहिलेली परिचारिका झाल्या होत्या.

"कधीपासून ऐकू येत नाही तुला?"

"काहीतरीच काय! चांगलं येतं की. तो मिक्सर म्हातारा झालाय, आवाज देत नाही."

"बाबा, मिक्सर चांगला आहे," बेबी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "मी रोज सांगते की गाणं मोठं होतंय, तुम्ही म्हणता बारीक आहे. टीव्हीचंही तेच. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कानांबद्दल मी गप्प बसले."

"उद्या सकाळी नऊ वाजता," आक्का म्हणाल्या, "कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. नाही म्हणालास तर या सगळ्यांसमोर कान धरून नेईन."

काका डॉक्टरांकडे गेले. परत आल्यावर बेबीने तिच्या आईला जे सांगितलं ते मी ऐकलं. वर्षानुवर्षं मोठ्या स्पीकरजवळ उभं राहून कान थकले होते. आधी वरचे बारीक सूर जातात, व्हायोलिनचे, पाखरांचे, आणि मग शब्दांच्या कडा. मित्रांनो, म्हणजे माझ्यात खोट नव्हती! चारवरून सातवर सरकलेली ती खूण माझ्या म्हातारपणाची नव्हतीच. मी नाचायला हवं होतं. पण ते स्पीकर कुणाच्या आवाजाने वाजत होते? माझ्याच. मी आनंद गिळून टाकला.

दोन आठवड्यांनी काकांच्या कानात यंत्र बसलं. शेंगदाण्याएवढं. त्यालाही आवाज कमीजास्त करायचं बटण! आता सांगा, याचा हेवा करू नको तर काय करू? एकवीस वर्षं मी काकांच्या हाताखाली राहिलो आणि या कालच्या पोराने थेट कानात घर केलं. काका मागच्या खोलीत आले, घड्याळाकडे पाहून म्हणाले, "हे टिकटिकतं?" मग त्यांनी लॅपटॉप उघडून आक्कांचा शो लावला आणि दुसऱ्याच क्षणी बंद केला.

"एवढं मोठं?" ते बेबीला म्हणाले. "एवढं मोठं लावलं होतं मी? आणि तुम्ही सगळे बसून राहिलात?"

कामाच्या फाइलमध्ये दोन्ही रेघा अजून वेगळ्या होत्या. बेबीने खुर्ची त्यांना दिली. काकांनी गाणं खाली ओढलं, ऐकलं, आणखी खाली ओढलं. मग उठले आणि म्हणाले, "बाकीचं तू कर. मला शब्द पाठ आहेत."

आक्का निघायच्या आदल्या दिवशी त्या खोलीत तिघंच होते. लॅपटॉपच्या स्वतःच्या इवल्याशा स्पीकरवरच लावलं. माझ्यात एकही वायर नव्हती. मी नुसता खाली पडून होतो. व्हायोलिन आलं, एक श्वास आधी उतरलं, आणि काकांचा आवाज खोलीभर स्पष्ट उमटला. अंधारखोली. पाण्यातली फिल्म. मी कधीच घाबरलो नाही.

काका भिंतीकडे तोंड करून उभे होते. बोलणं संपलं. दोन श्वास गेले, गाणं वर आलं आणि संपलं. आक्कांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग मान खाली घालून, स्वतःशीच, अगदी ओठांतल्या ओठांत म्हणाल्या, "आणि मी आयुष्यभर समजत होते, पोराला अंधारात डांबलं."

बेबी त्यांच्या शेजारीच होती, तिलासुद्धा ते जेमतेम ऐकू आलं. पण खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पाठमोरे उभे असलेले काका वळले.

"नाही गं आक्का," ते म्हणाले. "नाही डांबलंस."

आक्कांनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "पुन्हा लाव."

मित्रांनो, मी अजून त्या लॅपटॉपच्या खालीच आहे आणि मला अजून त्याचा हेवा वाटतो. ती तीन मिनिटं माझ्यातून गेली नाहीत याचा तर फारच वाटतो. म्हणून माझं ऐका किंवा नका ऐकू. पण तुमच्या घरात कुणी टीव्हीचा आवाज रोज थोडा थोडा वाढवत असेल, दोनदा "काय?" म्हणत असेल, तर हसू नका, त्याच्यावर ओरडू नका, आणि यंत्राला चापट मारू नका. त्याला वाईट वाटेल म्हणून गप्पही बसू नका. त्याचा हात धरा आणि कान तपासून आणा. त्याला काहीतरी सांगायचं कुणाच्या तरी मनात वर्षानुवर्षं राहून गेलेलं असेल, आणि तो माणूस ते फार हळू बोलणार असेल.